सुध्याने उतरवलेली पोरं

बोर्ड रंगवणाऱ्यांच्या दुकानात रंगाच्या डब्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नव्वदच्या दशकात शहापूरला आमचं दुकान होतं. मी अक्षरं रंगवायचो. पार्टनर सुध्याचा जीव मात्र चेहऱ्यांत अडकलेला! म्हणायचा, "आईनं चित्रातलं पोर ओळखलं पायजे. नाय ओळखलं तर आयुष्यभर नंबरप्लेटी रंगवीन!"

पहिलं चित्र त्याने तान्ह्या भाच्याचं काढलं, पेन्सिलने. चेहरा झकास जमला. केस फार पिंजारलेले, म्हणून याने ते बारीक, नीटनेटके केले.

ताईने कागद बघितला आणि किंचाळलीच! "सुध्या, जावळ कापलंस? अरे मामा ना तू? पोराला मांडीवर न घेताच?" तिची सासू तर मटकन खाली बसली. मग देवापुढे नारळ फुटला आणि सुध्याकडून पेन्सिलनेच सगळे केस परत वाढवून घेतले.

पुढे म्हसा गावच्या जत्रेत आम्ही स्टूल टाकून बसलो. एका बाईने पोरीचं चित्र हातात घेतलं, पोरीच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि थेट कागदावरच्या गालाला तीट लावली! सुध्या ओरडला, "अहो, माझं चित्र!"

"चित्र तुमचं. पोर माजीच हाय ना!"

सुध्या माझ्याकडे वळला. मग हळूच मला म्हणतो, "म्हणजे ओळखलं रे!"

कसाऱ्याच्या एका रेल्वेवाल्याने मुलाला आणून बसवलं. सुध्याने अगदी हुबेहूब उतरवला. दुसऱ्या दिवशी रेल्वेवाल्याची बायको चित्र घेऊन तणतणत दुकानात. "हा कोण? माजा पोरगा हाय व्हय हा?"  नंतर कळलं, पोराला गालगुंड झालेलं. घरात कुणालाच सूज दिसली नव्हती, सुध्याच्या पेन्सिलीने तेवढी टिपली! तरी सुध्या दोन दिवस धड जेवला नाही.

आणि मग सापगावकडची ती बाई आली. एकटीच. सुध्याने विचारलं, "पोर कुठाय?"

"गेली. तापात. फोटू काढायचा ऱ्हायला. मी सांगते, तुमी काढा."

मी सुध्याला खुणेने नको म्हटलं, पण तो बसला. ती डोळे, केस, फ्रॉक सांगायची, हा काढायचा, ती म्हणायची, "नाय, ही नाय." खोडरबर झिजलं. दुपार टळली. शेवटी कपाळावरची एक बट त्याने जरा खाली ओढली, आणि बाईने कागद हिसकावूनच घेतला. "हीच गो माजी बाय!" छातीशी धरून गेली. सुध्या त्या दिवशी ढसाढसा रडला.

वर्षभराने ती बाई परत दुकानात. पिशवीतून तेच चित्र काढलं आणि सुध्यापुढे ठेवलं.

"दादा, यंदाचं काढा. ह्यो फ्रॉक आखूड झाला तिला."