न वळलेली क्रेन

साइटवर त्याला सगळे झुंबरदादा म्हणत, कारण दिवसभर तो वर लटकलेला असे. बावीस वर्षं उंच क्रेन चालवून त्याची मान पुढे झुकली होती. जेवतानाही तो ताटात फार खोल काहीतरी असल्यासारखा बघे.

साइटसमोरच्याच इमारतीत तो आणि त्याची आई राहत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्रेन दिसायची, त्यामुळे आईचे दिवसाला चार फोन ठरलेले. मुलगा अठ्ठेचाळीसचा झाला होता, तरी सुरुवात "उतरतोस कधी?" अशीच.

त्या दिवशी हवामान खात्याने दुपारी चारपासून विजांसह वादळ सांगितलं होतं. सकाळपासून बांधाबांध चालली होती. पोत्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, पत्र्यांवर विटा. झुंबरदादाचं काम मात्र उलटं. क्रेनचा लांब आडवा हात रोज उतरताना मोकळा सोडायचा असतो, वादळाआधी तर हमखास. ब्रेक काढला की हात वाऱ्याबरोबर आपसूक वळतो. ब्रेक लागलेला राहिला तर तो वाऱ्याला आडवा ठाकतो, आणि सगळी क्रेन कलंडू शकते.

तीनला त्याने शेवटचं ओझं खाली ठेवलं आणि आकडा वर ओढून घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

"आभाळ बघितलंस? उतर आधी."

"उतरतोय गं."

"अर्ध्या तासापूर्वी हेच म्हणालास. फोन चालू ठेव, मला पायांचा आवाज ऐकू दे."

हसत हसत तो शिडीला लागला. फोन खिशात, खाली दोनशे दहा पायऱ्या.

साडेतीनला वारा सुटला. पुन्हा फोन.

"अरे, तुझी क्रेन आज वळत का नाही? माझे दोरीवरचे कपडे आडवे झालेत, आणि ती आपली ढिम्म."

त्याने वर बघितलं. हात रस्ता ओलांडून थेट त्यांच्या इमारतीकडे रोखलेला होता. ब्रेक काढायचा राहिला होता.

"आई, फोन ठेव आणि मागच्या खोलीत जाऊन बस."

मुकादम शिडीपाशी आडवा आला. "दादा, डोकं फिरलंय का? वीज कडाडली म्हणजे?"

"अजून कडाडली नाही ना?"

"आणि उतरताना?"

"उतरताना घाई करीन."

एरवी तो तीनदा दम खायचा, आज एकदाच थांबला. वर शिडीच हलत होती. त्याने ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. क्रेनचा हात क्षणभर अडला, कुरकुरला आणि सावकाश इमारतीवरून बाजूला सरकला.

शेवटच्या तीसेक पायऱ्या उरल्या असताना पहिला गडगडाट झाला. मुकादमाने त्याला कॉलर धरून ऑफिसात ओढलं आणि वर दोन शिव्या दिल्या.

फोन वाजलाच.

"वळली," आई म्हणाली.

"तुला मागच्या खोलीत बस म्हटलं होतं."

"तिथून दिसत नाही." मग जरा थांबून, "बावीस वर्षांत कधी विसरला नाहीस. आजच कसं काय?"

खरं कारण त्याच्या जिभेवर आलं होतं. "वय झालं," तो म्हणाला.

"तुझं? मग माझं काय झालं म्हणायचं?"

"तू फोन करत जा. फक्त मी खाली आल्यावर कर."

"आणि खाली आलास हे मला कळणार कसं?"

"क्रेन वळली की."