फ्राऊ आजींचा निस्से

फ्राऊ आजी स्वतःच्याच घरात शिरण्याआधी दार वाजवायच्या. घरात कुणी नाही हे पक्कं ठाऊक असायचं, किल्लीही हातात असायची, तरी आधी टकटक, मग घसा खाकरणं आणि मग कुलूप. आत निस्से असतो, तो आपल्या उद्योगात असेल, एकदम शिरून त्याला ओशाळं करू नये, असं त्यांचं म्हणणं. मी म्युनिकला नुकतीच आले होते आणि जर्मनचा गंध नव्हता. मला वाटलं, निस्से म्हणजे यांचं मांजरबिंजर असेल.

हे तिथल्या टेक्निकल विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. साठच्या दशकाची सुरुवात होती. ट्राम संपते तिथून पुढे चालत गेलं की आजींचं बुटकं, उतरत्या छपराचं घर लागायचं. त्याची माडीवरची खोली आमची, स्वयंपाकघर दोघींचं. फ्राऊ म्हणजे बाई, त्यामुळे ‘फ्राऊ आजी’ हे नाव म्हणजे पावरोटीसारखं एकाच अर्थाचं दोनदा झालं होतं, पण आम्हा दोघांत तेच रुळलं. आजी मूळच्या डेन्मार्कच्या. एका जर्मन सुताराशी लग्न करून इकडे आल्या, आणि त्यांच्या सांगण्यानुसार निस्सेही ट्रंकेत बसून सोबत आला. वीतभर उंची, राखाडी कपडे, लाल टोपी, मुक्काम माळ्यावर. घर राखणं हे त्याचं काम. ह्यांना मी म्हटलं, “आपला वास्तुपुरुष हो.” पण वास्तुपुरुष बिचारा जमिनीत गप्प पडून असतो. हा रुसायचा, वस्तू लपवायचा आणि दूध उतू गेलं की हसायचा.

पहिल्याच दिवशी आजींनी मला खुणेनं पाठमोरं व्हायला सांगितलं. मी खूश. लग्नातली जांभळी इरकल नेसले होते, बाईंना पदर बघायचा असेल म्हणून चांगली गिरकी घेतली. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि ‘गूट, गूट’ म्हणत किल्ली दिली. पुढे भाषा कळू लागल्यावर उलगडा झाला. त्यांच्या गावाकडच्या रानपऱ्या समोरून देखण्या असतात म्हणे, पण पाठीकडून कणकेच्या परातीसारख्या पोकळ. “इतकी सुंदर पोरगी, इतक्या लांबून, एवढं झुळझुळीत नेसून आलेली,” आजी म्हणाल्या, “खात्री करून घेतलेली बरी.” माझ्या रूपाचं इतकं चोख कौतुक सासरमाहेरी कुणी केलं नव्हतं.

जर्मन मी त्यांच्याकडूनच शिकले, त्यांच्या मागोमाग बटाटे सोलत, चादरी पिळत. एकदा बेकरीत मी झोकात पाव मागितला, तर बेकरीवाला माझ्याकडे, माझ्या कुंकवाकडे, माझ्या साडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही डेन्मार्कच्या का?” माझे सगळे शब्द जर्मन होते आणि हेल आजींचा! घरी येऊन सांगितलं, तर आजी हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बेतात आल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या शेजाऱ्यांना माझी ओळख “ही आमच्या गावची” अशीच करून द्यायच्या.

गोष्टी त्या इस्त्री करताना सांगत. त्यांचा एक वीर होता होल्गर. तो एका किल्ल्याच्या तळघरात झोपलेला आहे, त्याची दाढी वाढून समोरच्या दगडी मेजात रुतली आहे आणि देशावर संकट आलं की तो उठणार आहे. “मग लढाईत उठला का नाही?” मी विचारलं. आजींनी इस्त्री उभी ठेवली. “जर्मनांचं सैन्य माझ्या माहेरात शिरलं तेव्हा मी इथे, जर्मनाच्या घरात. आल्झो, म्हणजे बघ, तो उठला असता तर मी कुणाच्या बाजूला उभी राहिले असते, सांग.” त्यांनी इस्त्री पुन्हा उचलली. “म्हणून मी मोठ्या वीरांच्या नादी लागत नाही. आपला निस्से बरा. तो घर बघतो, देश बघत नाही.”

तिथल्या पहिल्या नाताळात मी घोळ घातला. आजींनी दुधात गुरगुट्या भात शिजवला, वर दालचिनी भुरभुरवली, मध्ये लोण्याचा गोळा ठेवला आणि वाडगा माळ्याच्या जिन्यावर नेऊन ठेवला. निस्सेसाठी, असं म्हणाल्या. म्हणजे नैवेद्यच की! त्या शेजारी गेल्या, तेवढ्यात मी वाडग्याभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले, देवाला जेवायला बेताचा वेळ दिला आणि वाडगा खाली आणून आम्ही दोघांनी प्रसाद चाटूनपुसून खाल्ला. आजींसाठी एक चमचा काढून ठेवला.

तो चमचा बघून आजी पांढऱ्याफटक पडल्या. “त्याचं खाल्लंत तुम्ही?”

“प्रसाद आहे, आजी. देव नुसता बघतो, मग ते आपण खायचं असतं.”

“नुसता बघतो? मग तो उपाशीच!” त्या मटकन खाली बसल्या. “आमचा खरंच जेवतो. भातावर लोणी दिसलं नाही म्हणून एका निस्सेनं रागानं गोठ्यातली गाय मारली होती.”

“पण आपल्याकडे गाय कुठे आहे?”

“म्हणूनच तुझी काळजी वाटते.”

त्यांनी पुन्हा भात लावला. या खेपेला लोणी दुप्पट घातलं, आणि माळ्याकडे बघून मला “सॉरी” म्हणायला लावलं. मराठीत म्हटलं तरी चालेल, म्हणाल्या.

मग नवा रुंद रस्ता यायचं ठरलं आणि त्यात आजींचं घर जाणार होतं. त्यांचा मुलगा कार्ल शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत राहायचा, सूनही मायाळू. आईसाठी खोली तयार होती, पण आजी हलेनात. लढाईत बाँब पडले तेव्हा त्या गल्लीतलं हे एकच घर उभं राहिलं होतं, ते निस्सेच्या कृपेनं. “त्याला उघड्यावर टाकून जाऊ?” कार्ल म्हणाला, “आई, लग्नात आला तसा येईल की ट्रंकेतून.” “तेव्हा तो तरुण होता,” आजी म्हणाल्या. “आता त्याच्याही गुडघ्यांत वात आहे.” घर पाडायचा दिवस जवळ आला. आम्हीही दुसरी खोली बघितली होती. आजींनी मात्र एक बशीसुद्धा बांधली नव्हती. शेवटी कार्लनं माझ्यापुढे हात जोडले. “तुझं ती ऐकेल,” म्हणाला आणि डोळे पुसायला बागेत गेला.

मी तरी काय करणार? आमच्याकडे देव हलवायचा तर सुपारीवर आवाहन करतात. म्युनिकमध्ये सुपारी कुठली? मी एक चांगला अक्रोड घेतला, तांदळाला हळद लावली आणि आजींना शेजारी बसवून माळ्याच्या जिन्यावर अक्रोड ठेवून त्यावर अक्षता वाहिल्या. मंत्र येत नव्हते. मग घरी आजोळच्या माणसांना आग्रह करायचो तसंच म्हटलं, “चला हो आता. इथे एकटं राहून कसं चालेल? तिकडे ऊब आहे, आपली माणसं आहेत. तुमच्यावाचून आमचा पाय निघणार नाही. या, मी हात धरते.”

“मराठी कळेल त्याला?” आजींनी हळूच विचारलं.

“एवढ्या वर्षांत तुमचं जर्मन कळलं, मग माझं मराठी का नाही कळणार?”

त्यांनी बराच वेळ माळ्याकडे पाहिलं. मग अक्रोड मुठीत घेतला, उठल्या, कोट चढवला आणि कार्लच्या गाडीत जाऊन बसल्या.

पुण्याला परतण्याआधी मी त्यांना भेटायला गेले. नव्या खोलीत त्या सुखात दिसल्या, नातवाला रानपऱ्यांच्या गोष्टी सांगून घाबरवत होत्या. अक्रोड खिडकीत होता. मी विचारलं, “काय म्हणतोय? रुळला ना?”

“तो? जा, जा, तो आलाच नाही,” आजी म्हणाल्या. “हट्टी आहे. मला तिथेच कळलं होतं, अक्रोडात कुणी नाही.”

“मग तुम्ही कशा निघालात?”

“इतक्या प्रेमानं बोलावत होतीस ना,” त्यांनी माझा हात हातात घेतला. “कुणीतरी यायलाच हवं होतं. मग मी आले.”