बोल्टखालचा पत्रा
ऑइलपेंटचा वास आला की मला आमची जुनी जीप आठवते. दिवाळीनंतर माझं लग्न होतं आणि लेक ह्याच जीपमधनं सासरी जाणार, असं वडील साऱ्या कळंब्यात सांगत फिरत होते. म्हणून खंडेनवमीआधी त्यांनी एकेक बोल्ट काढून ती स्वतःच्या हातानं हिरवीगार रंगवली, बॉनेटच्या आतसुद्धा. पूजा झाली, झेंडूची माळ चढली, पण किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं घरघरायचं, सुरू काही व्हायचं नाही. “इंजिनचा कॉम्प्युटर गेला हिचा. आता ह्या मॉडेलचा मिळायचा कुठं?” म्हणत वडील पायरीवरच बसले. मागच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट काढून खालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडला, वायर पुन्हा आवळली आणि जीप सुरू झाली. रंगामुळं वायर पत्र्याला टेकतच नव्हती, म्हणून करंट पुढं जात नव्हता, हे मी शेजारी उभी राहून पाहिलं. “काय झालतं?” वडिलांनी विचारलं. मिस्त्रींनी हिरवा झालेला कागद गुपचूप खिशात घातला. “काय न्हाय, बोल्ट ढिला हुता. रंग मात्र झ्याक दिलाय की!” आता वडिलांचा हात थरथरतो, म्हणून नवमीआधी माहेरी येऊन जीप मीच रंगवते. बोल्टखालचा रुपयाएवढा पत्रा तेवढा कोरा ठेवते, आणि खुर्चीवरनं वडील दर वेळी बोट दाखवतात, “तेवढं ऱ्हायलं की गं, बाळ.”