कुठेच न मिळणारा सोडा

"आधी माल दाखवा, मग पास करतो," असं म्हणत काका माझ्या टेबलावर अर्ज ठेवत आणि खिशातलं लाल पेनही काढून शेजारी ठेवत. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं तयार सुटे भाग तपासले होते. निवृत्त झाले तरी तपासायची खोड गेली नव्हती. आता त्यांनी एक जाहिरात फलक तपासायला घेतला होता, आणि तो काढावा असा त्यांचा अर्ज होता.

असा फलक तुम्हीही पाहिला असेल. त्यांच्या घराजवळच्या आयटीआयसमोर, पोरं कंपनीच्या बसची वाट बघतात तिथे तो होता. दारूच्या ब्रँडचं भलंमोठं नाव, ग्लास उंचावणारी हसरी तरुण मंडळी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सोडा'. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून हा सोडा. महापालिकेत फलकांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे आहे, त्यामुळे ही चलाखी मला नवी नव्हती. कागदावर सोडा आहे म्हणून परवानगी आहे, असं मी त्यांना सांगितलं.

"मग एक बाटली घेऊनच बघतो," काका म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. दोन आठवड्यांनी ते पिशवी घेऊन हजर. भोसरीपासून चाकणपर्यंत त्यांनी किराणावाले, टपऱ्या, कोल्ड्रिंकची दुकानं पालथी घातली होती. सोडा कुठेच नव्हता. मोशीत एकाने सांगितलं म्हणून हा माळकरी माणूस वाइन शॉपच्या रांगेतही उभा राहिला, आणि नेमकं गावातल्या दोघांनी त्यांना तिथे बघितलं. 'हा सोडा आमच्याकडे मिळत नाही' असं त्यांनी एकेका दुकानदाराकडून सहीशिक्क्यासह लिहून आणलं होतं, आणि प्रत्येक कागदावर लाल पेनाने 'रिजेक्ट' लिहिलं होतं. मी हसत हसत सगळ्या ऑफिसला तो गठ्ठा दाखवायला बोलावलं. काका शांतपणे पोच मागत बसले.

फाइल वर गेली, 'अभिप्रायासह सादर करा' म्हणून खाली आली, पुन्हा वर गेली. काका दर सोमवारी यायचे. खरं सांगतो, मला त्यांचा कंटाळा यायला लागला होता. एकदा मी वैतागून विचारलं, एक फलक काढल्याने पोरं प्यायची थांबणार आहेत का?

"न्हाई थांबणार," ते म्हणाले. मग लाल पेन खिशात ठेवून सांगायला लागले.

त्यांच्या लाइनवर एकोणीस वर्षांचा एक अप्रेंटिस होता. नोकरी लागली म्हणून मित्रांबरोबर प्यायला आणि सकाळी तसाच शिफ्टला आला. दारात काकाच उभे होते.

"वास आला व्हता भाऊसाहेब. म्हणलं, नवं पोरगं हाय, जाऊ दे. केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवायचो, आन् त्याला पास केला."

प्रेस मशीनने त्याची चार बोटं घेतली. हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. त्या दिवशी मी फाइलवर पहिल्यांदा स्वतःचा अभिप्राय लिहिला, 'परवाना रद्द करावा.' ती फाइल अजून वरच आहे.

गेल्या हिवाळ्यात काका हृदयविकाराने गेले. त्यांनी कंपनीत शिकवलेल्या पोरांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला आणि काका जिथे उभे राहून बसची वाट बघणाऱ्या पोरांना दारूवरून हटकायचे तिथेच, त्याच फलकाच्या खांबांना बांधला. श्रद्धांजलीला कोण परवानगी घेतं आपल्याकडे? दुसऱ्या दिवशी जाहिरात कंपनीची तक्रार माझ्या टेबलावर आली. आमच्या जाहिरातीवर अनधिकृत फ्लेक्स आला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

नियम स्पष्ट होता. पथक गेलं आणि दुपारच्या जेवणाआधी काकांचा फ्लेक्स उतरवून, गुंडाळून घेऊन आलं. इतकी झटपट कारवाई आमच्याकडे क्वचितच होते. कागदावर सही माझी आहे. सोड्याच्या परवान्याची मुदत अजून संपलेली नाही.