बुआवान मावशीचे रविवार

बुआवान मावशीच्या घरी आजवर तीन परदेशी पोरी राहिल्या. तिघीही तालुक्याच्या दवाखान्यात बिनपगारी सेवा करायला, दोन वर्षांच्या बोलीवर आलेल्या. पहिली पाच महिन्यांत गेली, दुसरी सातव्या महिन्यात, आणि दोघींनीही बॅगा भरल्या त्या सोमवारी. मावशीच्या मनातून हे कधी गेलं नाही. कामाला कंटाळून जायचं असतं तर बुधवारी गेल्या असत्या, असा तिचा हिशेब. सुटीचा दिवस त्यांना खायला उठला. पोरी एकट्या पडल्या आणि आपण कमी पडलो.

मेकाँगच्या काठावरच्या आमच्या गावात कोणी एकटं बसलेलं दिसलं की शेजारी जाऊन बसायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. बाळंतीण असो, आजारी असो, नाहीतर नुसतं पायरीवर बसून आभाळाकडे बघणारं असो. बाजूने तसंच निघून जाणाऱ्याला लोक दगडाच्या काळजाचा म्हणतात.

म्हणून तिसरी पोर, जपानची चिसातो, आली तेव्हा मावशीने कंबर कसली. हिने जाऊन तर चालणारच नव्हतं. मावशीचा नवरा खामफेत याची डावी बाजू पावसाळ्यात लुळी पडली होती. चिसातोने त्याला रोज व्यायाम देऊन उभं केलं, मग चालवलं. अठरा पावलांपर्यंत गाडी आली होती. घराच्या पायरीपासून चिंचेखालच्या मैदानापर्यंत सेहेचाळीस पावलं होतात. तिथे रोज संध्याकाळी लोखंडी गोळे नेम धरून छोट्या गोटीजवळ टाकायचा डाव रंगतो, आणि खामफेत एके काळी त्यातला दादा माणूस.

"गोळा नाही फेकता आला तरी चालेल," तो म्हणायचा, "पण तिथवर माझ्या पायांनी जाऊन सगळ्यांच्या खेळाला नावं ठेवायची आहेत मला."

मावशीने चिसातोचे रविवार असे भरले की मुंगीला शिरायला जागा उरली नाही. पहाटे भिक्खूंना भात वाढायला. तिथून कोणाच्या तरी लग्नाला, लग्न नसेल तर नव्या घराच्या जेवणाला. दुपारी शेजारच्या वियेंगसायच्या मागावर विणकाम. संध्याकाळी गोळ्यांचा डाव, मग माईक हातात घेऊन गाणी. रात्री भुताखेताची भीती वाटू नये म्हणून मावशीची भाची तिच्याच खोलीत झोपायची. चिसातो हसायची, सगळ्याला हो म्हणायची. मावशी खूश होती.

पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी, ऐन लग्नाच्या पंगतीतून चिसातो नाहीशी झाली. अर्ध्या तासात गावाच्या भोंग्यावरून पुकारा झाला. तरुण पोरं होड्या घेऊन नदीत उतरली. वियेंगसायने तर रडायलाही सुरुवात केली.

ती मावशीलाच सापडली, दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत, पडदे ओढून जमिनीवर बसलेली. मांडीवर चित्रांची वही, बाजूला अर्धं लिहिलेलं पत्र.

"अगं पोरी, काय झालं? कोणी काही बोललं का?"

"नाही मावशी, सगळे खूप चांगले आहेत." आणि ती एकदम रडायला लागली. "रागावू नका. सहा दिवस माणसंच असतात. सातव्या दिवशी मला... थोडा वेळ कोणीच नको असतं."

"कोणीच नको? ताप आहे का तुला?"

"नाही. मी अशीच आहे. पण इथे नाही जमत. मला परत बोलवा म्हणून उद्या हे पत्र आमच्या ऑफिसला पाठवणार आहे."

मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मागच्या दोन्ही पोरी तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. दुसरी वारंवार न्हाणीघरात तासभर जाऊन बसायची. मावशीला वाटायचं, पोट बिघडलं, म्हणून ती दाराबाहेर बसून तिच्याशी गप्पा मारायची. आता तिला स्वतःचीच लाज वाटली. आपणच हाकललं त्यांना, खाऊ घालून घालून.

"एक रविवार दे मला," ती म्हणाली. "मग पाठव."

पुढच्या रविवारी तिने चिसातोला नदीकाठच्या आपल्या भाजीच्या वाफ्यांवर नेलं. तिथे बांबूची एक झोपडी आहे. आत भाताची टोपली, भाजलेला मासा आणि पाण्याची कळशी ठेवली, आणि मागे न बघता ती वर आली. जिवावर आलं होतं तिच्या. झोपडीकडे जायला वाट एकच. तिच्या तोंडाशी चटई टाकून मावशी शेंगा सोलत बसली.

पहिली आली वियेंगसाय, हातात पपईची तिखटजाळ कोशिंबीर. "पोर एकटी आहे म्हणे खाली! भांडलात की काय?"

"भांडलो नाही. मागे फिर."

"लोक तुझ्या तोंडात शेण घालतील, बुआवान."

"घालू दे. कोशिंबीर ठेव आणि जा. नाही, माझ्याजवळही बसू नकोस. तू बसलीस की आणखी चार येतील, आणि तुमचं हसणं खालपर्यंत ऐकू जाईल."

असे अकरा जण तिने परतवले. सरपंचालाही सोडलं नाही. दुपारनंतर कोणी फिरकेना. शेंगा संपल्या. मावशी चुळबुळली, उठली, बसली. मग तिला पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. लहानपणी म्हणायची ते एक गाणं आठवलं, ते तिने अर्धंमुर्धं म्हणून पाहिलं. छप्पन्न वर्षांत, आईच्या घरी नाही की सासरी नाही, आपण अशा एकट्या कधी बसलोच नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं.

ऊन उतरल्यावर चिसातो वर आली. चेहरा टवटवीत होता.

"चला मावशी, गोळे खेळू या. आज मी सगळ्यांना हरवणार."

"आणि पत्र?"

चिसातोने वही उघडून दाखवली. त्या अर्ध्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर तिने एक खंड्या काढला होता, चोचीत मासा धरलेला.

मैदानात खामफेत बाकावर बसून लोकांच्या खेळाला यथेच्छ नावं ठेवत होता. त्याला दोघांनी उचलून आणलं होतं. "पुढच्या महिन्यात चालत येणार," असं त्याने चिसातोला दुरूनच ओरडून सांगितलं. तिने मान हलवली, आणि मग मावशीकडे वळली.

"मावशी, पुढच्या रविवारी वाटेवर मी बसते. तुम्ही खाली जा."