बोटांकडे बघ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता तुम्हाला का सांगतेय? जाऊ दे, कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

रत्नागिरीत मी मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. हातपाय कोणीही घडवेल, मी मनं घडवते, असं मिरवतेसुद्धा. हरलेल्या मुलीशी काय बोलावं, सर्व्हिसआधी तिला शांत कसं करावं, हे मला येतं. म्हणजे मन बिघडवायचं कसं, तेही येतंच ना?

राजापूरकडची मानसी माझी सेटर होती. तिच्या बोटांना चेंडू लागल्याचा आवाजच यायचा नाही, स्मॅश मारणारीला हवा तिथे तो अलगद जायचा. मीही सेटरच होते, पण जिल्ह्यापुढे कधी गेले नाही. भिंतीवर चेंडू मारून मारून जे मला जमलं नाही, ते हिला शिकवावंही लागलं नाही. लोक म्हणायचे, मॅडम, काय पोरगी घडवलीत. मी हसायचे, आणि आतून जळायचे — हो, जळायचेच.

राज्याच्या संघाची निवड होती. सकाळी ती गुणगुणत बुटांच्या नाड्या बांधत होती. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. अगदी मायेने विचारलं, "चेंडू सोडताना तुझं कुठलं बोट आधी सुटतं गं?"

"काय म्हायत मॅडम. जातोच तो."

"आज जरा बोटांकडे बघ."

एवढंच. यात चूक कोण काढणार? पण सहज खेळणाऱ्या पोरीला सामन्याआधी असलं काही विचारायचं नसतं, हे मीच शिबिरांत इतरांना शिकवते. ती दिवसभर बोटांकडे बघत राहिली. चेंडू हातात अडकू लागला, पंचांची शिट्टी वाजत राहिली. निवड हुकली. मला वाईट वाटलं? नाही — बरं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

तिचा तो हात पुन्हा आला नाही. आता ती गावच्या शाळेत मुलींना शिकवते. यंदा तिने मला सामन्यांना पाहुणी म्हणून बोलावलं. तिच्या संघात एक मुलगी होती, मानसीपेक्षाही हलक्या हातांची. खेळ सुरू होण्याआधी मानसी तिच्याशेजारी बसली, पाठीवर हात ठेवला.

"बोटांकडे बघ हां. निवडीच्या दिवसापर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं, म्हणून माझी निवड हुकली. या मॅडमनी सांगितलेलं मला."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.