बालिकचीचा स्पॅनिश

तळ्याकाठच्या आमच्या बालिकचीत त्या काळी गिटार वाजवणारे पुरुष उदंड होते आणि सगळ्यांचा गुरू एकच होता. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. तो एका कॅसेटमध्ये राहायचा. कॅसेटवर निळ्या शाईत ‘स्पॅनिश’ एवढंच लिहिलेलं, म्हणून सगळे त्याला स्पॅनिशच म्हणत. एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या कॅसेटवरून तिसऱ्याने, अशी ती घरोघरी गेली होती. न्हाव्याच्या दुकानात हा स्पॅनिश आंधळा होता, स्टेशनावर तो तुरुंगात गिटार शिकलेला होता, आणि माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे तिलेकच्या मते त्याच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. पाच बोटांच्या माणसाचं हे कामच नाही, असं तिलेक म्हणायचा आणि आपली पाच बोटं घेऊन रोज संध्याकाळी तासन्‌तास बसायचा.

मला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही. मी स्टेशनाबाहेर सुकवलेले मासे विकते आणि तळ्यावरून येणारा वारा कानाला पुष्कळ होतो. पण एकच चाल वर्षानुवर्षं घरात वाजत राहिली तर दगडालाही पाठ होईल. सुरुवात संथ, मग बोटं सुसाट सुटतात, आणि ऐन भरात आलेली असताना वाजवणं एकदम थांबतं. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा सुरू. या थांबण्याला आमचे हौशी लोक ‘स्पॅनिशचा श्वास’ म्हणत. वाजवणारा स्टेशनमास्तर असो की पाववाला, त्या जागी आला की थांबणार, डोळे मिटणार, मान हलवणार. हा माणूस नेमका तिथेच का थांबतो, असं मी तिलेकला एकदा विचारलं.

‘‘तुला नाही कळायचं,’’ तो म्हणाला. ‘‘तिथेच तर सगळं आहे.’’

सगळं म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आमच्या शेजारी ओमुरकुल राहायचे. सगळी गल्ली त्यांना ओमुरकुल बाइके म्हणायची, थोरल्या भावाला म्हणावं तसं. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. तरुणपणी त्यांच्या गिटारीशिवाय गावात लग्न लागत नसे. आमच्या लग्नातही त्यांनीच वाजवलं होतं. मी नवरी, कोपऱ्यातल्या पडद्यामागे बसलेली. मला त्या दिवसाची आठवते ती फक्त भूक. तिलेकला तर काहीच आठवत नाही, कारण मित्रांनी त्याला दुपारपासूनच पाजली होती.

लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा ती कॅसेट गावात आली. बंदराच्या कारखान्यात कुणीतरी लावली. ओमुरकुल बाइके इंजिनात हात घालून बसले होते ते तसेच राहिले. कॅसेट संपल्यावर त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग हात पुसले आणि म्हणाले, वाजवावं तर असं, नाहीतर गप इंजिनं दुरुस्त करावीत. त्याच आठवड्यात त्यांनी गिटार काराकोल गावातल्या भाच्याला देऊन टाकली. लोकांनी समजूत काढली, रुसवेफुगवे केले, एकदा तर लग्न ठरलेल्या एका मुलीकडची मंडळी दारात येऊन बसली. बाइके हलले नाहीत. आपण इतकी वर्षं लोकांच्या लग्नात खरवडत होतो, याचीच त्यांना लाज वाटू लागली होती. एवढ्या मनमिळाऊ माणसाने एका कॅसेटपायी हात आखडून घ्यावा, याचा मला तेव्हाही राग यायचा. त्या स्पॅनिशचं मला तोंडसुद्धा बघायचं नव्हतं.

अशी वीसेक वर्षं गेली. बंदर बंद पडलं, बोटी गंजल्या, ओमुरकुल बाइके माझ्या शेजारी मासे विकायला बसू लागले. तिलेक मात्र वाजवत राहिला आणि शेवटी त्याला ती चाल जमली. अगदी कॅसेटसारखी, त्याच गतीने. तेव्हापासून गावातली पोरं शिकायला त्याच्याकडे येऊ लागली.

आणि एका उन्हाळ्यात गेन्रिख आला. पूर्वी याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं, बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर गावात पहिला याच्याकडे आला. ती कॅसेट गावात आली त्याच सुमारास आमच्याकडे पिढ्यानपिढ्या राहिलेली जर्मन कुटुंबं उठून जर्मनीला गेली, तेव्हा तोही गेला. आता आईची कबर बघायला आला होता. आमच्याकडे आला तो भेट घेऊनच आला: एक कॅसेट. आमच्या लग्नात त्याने भरलेली, त्याच्या सामानातून चुकून तिकडे गेलेली. मी हरखले. ओमुरकुल बाइक्यांना हाक मारली, कारण दोघे जुने मित्र. चहा ओतला आणि तिलेकने कॅसेट लावली.

आधी माणसांचा गलबला, कुत्र्याचं भुंकणं, भांड्यांचा आवाज. मग गिटार. दुसऱ्याच सुराला तिलेक उठून उभा राहिला. संथ सुरुवात, मग ती धावाधाव, आणि ती थांबायची जागा आली. पण तिथे शांतता नव्हती. तिथे एक माणूस बोलत होता. आवाज पातळ, जरा घाईचा, पण शब्द स्पष्ट होते.

‘‘घे ओमुरकुल, आधी हे पी. माझ्या पोराचं लग्न आहे. बोटं कुठे पळून जात नाहीत.’’

माझे सासरे. जाऊन किती वर्षं झाली होती त्यांना. नवऱ्या मुलाच्या बापाने कुमिसचं, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, वाडगं पुढे केलं, तर देवदूत वाजवत असला तरी त्याने थांबून ते दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. कॅसेटवर वाडगं टेकल्याचा आवाज आला आणि गिटार पुन्हा सुरू झाली. तिलेक भिंतीला हात लावून उभा होता. जिथे आयुष्यभर डोळे मिटून मान हलवली, तिथे त्याचा बाप बोलत होता.

गेन्रिख हसत होता. म्हणाला, ती गंमत त्याचीच. बंदरावरच्या मिस्त्रीची कॅसेट कोण मागणार? ‘स्पॅनिश’ लिहिल्यावर दुकानाबाहेर रांग लागली. स्पॅनिशच्या मध्येच आपला म्हातारा बोलतोय, हे बरं दिसेना, म्हणून विकायच्या कॅसेटवर तेवढ्या जागी त्याने आवाज बंद केला. आणि भरताना बॅटऱ्या उतरल्या होत्या, टेप हळू फिरली. म्हणून ताज्या बॅटरीवर लावली की सूर चढा येतो आणि हात पळतात.

मी बाइक्यांकडे पाहिलं. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. पण रस्ता चुकून भलत्याच घरात शिरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

‘‘नाव माझं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वाडगं घेतलेलंही आठवतं. पण हा मी नाही.’’

‘‘तूच आहेस की रे. फक्त बॅटरी उतरली होती.’’

‘‘मग यात मी किती आणि बॅटरी किती?’’

बाइक्यांनी फिरणारी कॅसेट बंद केली. मग अगदी हळू, भांडणाचा सूर नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘गेन्रिख, तो मी असेन, तर मी गिटार सोडली ती कुणाला बघून?’’

गेन्रिखचं हसू तिथे संपलं. बाइक्यांनी गिटार सोडल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. ओमुरकुलला सगळं माहीत आहे, तो मनातल्या मनात हसत असेल, असं तो इतकी वर्षं समजत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याचं वाडगं चहाने काठोकाठ भरलं. आमच्याकडे पाहुण्याला अर्ध्या वाडग्याने चहा देतात; काठोकाठ भरलं की ‘आता निघा’. तो इथलाच वाढलेला. त्याने चहा न पिताच टोपी उचलली. दारात मात्र थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘‘मला ते खरोखर आवडलं होतं, म्हणूनच भरलं.’’ तेही खोटं नसावं. त्यामुळे नीट रागावताही येईना.

गावात बातमी पसरली, पण पटली कुणालाच नाही. न्हावी तर चिडलाच. कॅसेटमध्ये कुणाचंही नाव कुणीही घुसडेल, म्हणाला. शेवटी बाइक्यांच्या हातात गिटार देऊन त्यांना न्हाव्याच्याच दुकानात बसवलं. बोटं आखडलेली, मासे सोलून सोलून चिरलेली. चार सूर नीट लागले, पाचवा भलतीकडेच गेला. ‘‘बाइके, राग मानू नका,’’ न्हावी म्हणाला, ‘‘पण स्पॅनिश असं वाजवत नाही.’’ बाइक्यांनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं, हेच मला सहन होईना. घरी येऊन मी तिलेकवर उगाचच ओरडले.

तिलेक त्या दिवसांत गिटारीला हात लावत नव्हता. ती चाल सुरू केली की बापाचा आवाज येतो, म्हणायचा. आपण कुणाचे चेले, बाइक्यांचे की बॅटरीचे, हेही त्याला कळेनासं झालं होतं. माणसाच्या हाताला जी गती कधी नव्हतीच, ती गाठायला त्याने अर्धं आयुष्य घातलं होतं आणि ती गाठलीही होती. यावर हसावं की रडावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आठवडाभराने संध्याकाळी ओमुरकुल बाइके आमच्या दारात आले. आंघोळ केलेली, स्वच्छ सदरा, हातात नवा पाव. शिकायला येणारी पोरं असाच पाव घेऊन येतात.

‘‘तिलेक, मला ती चाल शिकव.’’

तिलेक लाजेने लाल झाला. ‘‘बाइके, असं काय करता? तुमचीच चाल मी तुम्हाला शिकवू?’’

‘‘माझी असती तर आली असती.’’

तिलेकने त्यांना आत घेतलं, खिडकीजवळ बसवलं, गिटार मांडीवर दिली. त्यांचं एक बोट धरून तारेवर ठेवलं, मग दुसरं. सूर लागला नाही. पुन्हा ठेवलं. पुन्हा लागला नाही. मी पाव कापायचं सोडून तशीच उभी राहिले. मला त्या म्हाताऱ्या बोटांची फार माया आली आणि डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

‘‘घाई नको, बाइके,’’ तिलेक पोरांना सांगतो त्याच सवयीने म्हणाला. ‘‘स्पॅनिशसुद्धा काही एका दिवसात शिकला नसेल.’’

‘‘नाही,’’ बाइके म्हणाले. ‘‘त्याला बरीच वर्षं लागली.’’